पुरवणीबाईंनी तोंड मिटिले, त्या मोहिमेची बखर

राजमान्य राजश्री समस्त वाचक मंडळी, खुर्चीवर असोत, पलंगावर असोत की उभ्या उभ्या असोत, त्यांचे हुजुरी विदित व्हावे की, पूर्वी थोर थोर लोक थोर थोर गड घेते जाहले, त्यांस कारकून मिळाले, आणि त्यांच्या हकीकती लिहिल्या गेल्या. परंतु एका मुलीने एका आजींच्या स्वयंपाकघरात सात मिनिटे तोंड मिटून धरिले, या पराक्रमाची नोंद कोणत्याही दप्तरी नाही, ही गोष्ट बरी नव्हे, म्हणोन हा करीना बयाजवार लिहून ठेविला असे. यात पदरचे काही घातलेले नाही. जेथे घातले आहे तेथे ते शोभून दिसते.

ते समयी एका झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, श्रीमंत वकीलबाईसाहेबांचा अंमल होता. मुलूख म्हणावा तर तीन टेबले, पाच खुर्च्या, पैकी एक लंगडी, ती अशिलास न देता विरुद्ध पक्षास द्यावी ऐसा शिरस्ता, एक पंखा, जो फिरे परंतु वारा देत नसे, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत फायलींची तटबंदी. पदरी माणसे दोन. एक टंकलेखक काका, ज्यांची बोटे घोड्यासारखी धावत आणि जीभ मात्र पालखीसारखी चाले, ऐसी की त्यांचे एक वाक्य संपेतो ऐकणारा जेवून हात धुऊन परत येई. दुसरी नव्याने रुजू जाहलेली पॅरालीगल. पॅरालीगल म्हणजे काय हे तिच्या घरी अद्याप कोणास उमगले नव्हते, आणि आई शेजारणींस "वकिलासारखंच, पण खरं बोलायचं" ऐसे सांगून वेळ मारून नेत असे. वास्तविक पाहता, कोर्टात जे बोलावयाचे ते आधी जाऊन, माणसे गाठून, ऐकून, जागा मोजून जी लिहून आणते, परंतु कोर्टात जी स्वतः बोलत नाही, ती पॅरालीगल.

तिचे पाळण्यातील नाव काही असो, कचेरीत तिला पुरवणी म्हणत. कारण ऐसे की, समोरच्याचे वाक्य निम्म्यावर आले की उरलेले निम्मे ही आपल्या खजिन्यातून पुरवी, आणि ते बहुतकरून चुकीचे असे, परंतु इतक्या आत्मविश्वासाने पुरवी की समोरचाच ओशाळून होकार देई. तिच्या तीर्थरूपांनी शेवटचे वाक्य स्वतः पूर्ण केले त्यास एकोणीस वर्षे लोटली होती आणि आता ते सवयीने निम्मेच बोलत.

ऐसियास एके मंगळवारी मोठा अनर्थ जाहला. एका गल्लीत चार मजल्यांची एक सोसायटी, तीस रुळावर सरकणारे एक लोखंडी गेट, आणि गेटाशी एक वॉचमन, अकरा वर्षांचा जुना, इमानी, शब्दांचा काटकसरी. नोकरीसोबत जिन्याखालची एक खोली त्यास मिळालेली, तीत तो, त्याची बायको आणि शाळेची मोठी परीक्षा तोंडावर आलेली लेक, ऐसे तिघे राहत. सोसायटीचे अध्यक्षमहाराज मनाचे वाईट नव्हते, परंतु सौंदर्याचे मोठे भोक्ते. त्यांनी ते दिवशी आपल्या नव्या कोऱ्या गाडीतून कुंड्या आणविल्या, आणि गाडी गेटातच अर्धी आत, अर्धी बाहेर उभी केली, आणि डिकीत डोके घालून स्वतः कुंड्या उतरवू लागले. दुपारचे चार वाजले होते. इतक्यात उघडे गेट रुळावरून धावत आले आणि गाडीच्या बरगडीत शिरले, आणि ऐसा आवाज जाहला की समोरच्या इमारतीत निजलेले एक मूल उठले आणि रडणारे दुसरे गप्प जाहले.

महाराजांनी डिकीतून मस्तक काढिले, तो वॉचमन जिन्यावरून धावत येताना दिसला. मग महाराजांनी जागच्या जागी निवाडा केला की, सकाळी आपण यास रागे भरलो, त्याचा सूड म्हणोन याने गेट लोटिले आणि जिन्यात दडला आणि आता साळसूद चेहऱ्याने परत येत आहे. दुसरे दिवशी फर्मान सुटले: नोकरी बरखास्त, खोली पंधरा दिवसांत खाली करावी. वॉचमन एवढेच म्हणाला की गेट मी ढकलले नाही. मग चार वाजता होतास कोठे, ऐसे पुसता तो जमिनीकडे पाहू लागला, आणि जमिनीनेही काही सांगितले नाही.

मग वॉचमन वकीलबाईसाहेबांच्या आश्रयास आला, आणि कामगार कचेरीत अर्ज गेला, आणि सुनावणी आठ दिवसांवर पडली. बाईसाहेब त्या आठवड्यात दुसऱ्या तीन आघाड्यांवर गुंतलेल्या, म्हणोन त्यांनी पुरवणीस हुकूम केला की, वॉचमनाची जबानी घ्यावी, कोणी काही पाहिले असेल त्यास हुडकावे, जागा डोळ्यांनी पाहावी, आणि विचारावे थोडे, ऐकावे फार. पुरवणीने हुकमाचा पूर्वार्ध ऐकिला. उत्तरार्ध तिने मनात आधीच पूर्ण केला होता, आणि तो निराळा होता.

पहिली स्वारी वॉचमनावर. तो खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेविली, आणि बराच धीर एकवटून बोलू लागला.

"ताई, त्या दिवशी सकाळी साहेबांनी ती—"

"शिवी दिली," पुरवणी म्हणाली आणि लिहून मोकळी झाली. "चारचौघांत दिली असेल. आणि चार वाजता तुम्ही आपल्या खुर्चीवरच होतात, हो की नाही?"

वॉचमनाने तोंड उघडले, तिच्या भरधाव पेनाकडे पाहिले, आणि चालत्या गाडीपुढे उडी घेऊ नये इतपत अक्कल असल्याने तोंड मिटिले, आणि पुन्हा जमिनीकडे पाहिले. पुरवणीने त्यापुढे "होय" ऐसे लिहिले.

दुसरी स्वारी तिसऱ्या मजल्यावर. बरोबर गेटावर उघडणारी खिडकी त्या इमारतीत एकच, आणि तीत एक आजी, वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहणाऱ्या, स्वभावे अत्यंत मिठ्ठास. पुरवणीने पाण्याचा पेला संपण्याच्या आत बावीस सवाल केले आणि बाविसांस आजींनी "हो बाळ" ऐसा जाब दिला. वॉचमन खुर्चीवर होता ना? हो बाळ. गेटाला हातही लावला नाही ना? हो बाळ. तो भला माणूस आहे ना? येथे मात्र आजींनी "हो, फार" ऐसे दोन शब्द खर्चिले आणि आणखी काही सांगण्यासाठी श्वास घेतला, परंतु तो श्वास वाया गेला, कारण पुरवणी सतराव्या सवालावर पोचली होती.

मग तिने साक्षीचा कागद तयार केला तो ऐसा: सदर इसम सदर दिवशी सदर वेळी सदर गेटानजीक सदर खुर्चीवर आसनस्थ असलेचे सदर साक्षीदाराने समक्ष पाहिले. आणि तो कागद घेऊन ती कचेरीत ऐसी शिरली की नगारा तेवढा वाजावयाचा राहिला.

वकीलबाईसाहेबांनी कागद वाचिला. मग चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचिला. कागद तोच होता.

"खुर्ची गेटापासून किती लांब आहे गं?"

"दोन हात."

"म्हणजे ढकलायला त्याला उठावंही लागलं नसतं."

पंखा फिरत राहिला. पुरवणीस प्रथम वाक्य समजले नाही, मग समजले, मग पायांतून वर चढत चढत कानांपर्यंत समजले. शत्रू म्हणत होता की वॉचमन गेटाशी होता आणि त्याने ते लोटिले. आणि पुरवणीने मोठ्या मेहनतीने, साक्षीदारासह, सिद्ध करून आणिले होते की, वॉचमन गेटाशीच होता. आपल्याच दारूगोळ्याने आपलाच बुरूज इतक्या नेटकेपणे उडविल्याचे उदाहरण त्या कचेरीत दुसरे नव्हते. आजींनी कागदावर सही केलेली नव्हती एवढेच काय ते सुदैव. त्यांनी चष्मा सापडत नाही ऐसे सांगितले होते, आणि चष्मा त्यांच्या नाकावर होता.

बाईसाहेब रागावल्या नाहीत, आणि हे रागावण्याहून वाईट होते. त्यांनी फोन उचलिला, आजींस आपली ओळख सांगितली, आणि अदबीने विचारिले की, वॉचमन त्या वेळी गच्चीवर होता ना? आजी म्हणाल्या, हो. आणि पंपाच्या खोलीत? हो हो, तिथेही. बाईसाहेबांनी आभार मानून फोन ठेविला आणि निवाडा दिला की, या बाई आलेल्या माणसाचे मन मोडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांच्यापुढे तू उत्तर ठेवशील तर ते त्या ताटातल्यासारखे निमूट संपवितील. पाहुण्याने उन्हातून यावे आणि त्यास "नाही" म्हणावे, हे त्यांच्या शिस्तीत बसत नाही.

मग पुरवणीची तालीम सुरू जाहली. नियम तीन. एका वेळी एकच सवाल, आणि त्यात उत्तर नसावे. सवाल टाकिला की गप्प बसावे, आणि समोरचा गप्प बसला तरी गप्प बसावे. आणि जे लिहावे ते त्याच्या तोंडचे, आपल्या नव्हे. सरावासाठी पटांगण म्हणोन टंकलेखक काकांस बसविले, आणि पुरवणीस हुकूम जाहला की, काकांनी रविवारी काय केले ते विचारून घ्यावे, मध्ये एक शब्द न घालता.

हे युद्ध फार दारुण जाहले. काका म्हणाले, रविवारी मी, आणि थांबले, आणि छताकडे पाहिले, आणि पुरवणीच्या ओठांवर "उशिरा उठलात" येऊन उभे राहिले, आणि तिने ते गिळिले. काका म्हणाले, उठलो, आणि पुन्हा थांबले. तिने पेनाचे टोपण मुठीत ऐसे आवळिले की तळहातावर त्याचा शिक्का उमटला. चाळीस मिनिटांत काका पलंगावरून उतरून दारापर्यंत पोचले. तेथे, पुरवणीचे डोळे पाण्याने भरले असता, काका सहज म्हणाले की, दारात त्यांचा भाऊ उभा होता, ज्याच्याशी ते सहा वर्षे बोलत नव्हते. आणि वकीलबाईसाहेब, ज्या बावीस वर्षे काकांच्या शेजारच्या टेबलाशी बसत आल्या होत्या, त्यांनीही फाइल खाली ठेविली. काकांस भाऊ आहे हेच कोणास ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत काकांच्या वाक्याच्या शेवटापर्यंत कोणी थांबलेच नव्हते.

सुनावणीस पाच दिवस उरले असता पुरवणीने तिसऱ्या मजल्यावर पुन्हा कूच केले. सरंजाम: एक वही, एक पेन, एक टोपण, सवाल एक. आजींनी पाणी दिले. पुरवणीने प्रथम माफी मागितली की, मागच्या खेपेस मीच बोलत होते. आणि मग सवाल टाकिला की, त्या दिवशी दुपारी काय काय झालं? आणि तोंड मिटिले, आणि वेढा सुरू जाहला.

पहिल्या मिनिटास आजी म्हणाल्या की तू म्हणशील तसंच बाळ. पुरवणी गप्प. दुसऱ्या मिनिटास आजींनी ऊन फार आहे ऐसे सांगितले. खरेच होते, पुरवणी गप्प. तिसऱ्या मिनिटास आजींनी टेबल पुसले, जे स्वच्छ होते. चौथ्या मिनिटास नळाचा एक थेंब पडला आणि तो पडल्याचे दोघींनी ऐकिले. ते समयी पुरवणीच्या ओठांशी वाक्यांची फौज ऐसी दाटली की काही वाक्ये पायाखाली चेंगरून गेली. "तुम्ही खिडकीत होतात का" हे तर जिभेवरून निसटून दातांपर्यंत आले, तेथे पकडिले गेले आणि कैद जाहले. सहाव्या मिनिटास आजी उठल्या, फळीवरून जॅमची एक बरणी काढून टेबलावर ठेविली, आणि तिच्याकडे पाहत बसल्या. सातव्या मिनिटास गड आपण होऊन दार उघडता जाहला.

"तो खाली नव्हताच," आजी म्हणाल्या. "इथे होता. ही बरणी उघडत होता."

पुरवणीने पेन चालविले, तोंड चालविले नाही.

मग आजींनी सगळे सांगितले, आणि उलटसुलट सांगितले, आणि पुरवणीने तसेच लिहिले. हातांतली ताकद गेल्या वर्षापासून गेली. झाकण उघडत नाही. वॉचमन दुपारी पाच मिनिटे वर येई आणि आठवड्याची झाकणे उघडून, पुन्हा सैल लावून जाई. परंतु सोसायटीचा नियम की, वॉचमनाकडून खाजगी काम घेऊ नये, आणि आजींस त्याबद्दल दोन नोटिसा आलेल्या, आणि कमिटीने सांगितलेले की, तिसऱ्या वेळी तुमच्या मुलास पत्र लिहू. मुलगा दुसऱ्या शहरात, मायाळू, आणि त्या मायेनेच भयंकर. त्यास कळते की आईस झाकण उघडत नाही, तर तो त्याच आठवड्यात येऊन घर बंद करून आईस घेऊन जाता. म्हणोन आजींनी वॉचमनाकडून वचन घेतले होते की, कोणास सांगू नकोस. आणि त्या दिवशी आवाज जाहला तेव्हा तो येथेच, या टेबलाशी, हातात बरणी घेऊन उभा होता, आणि खिडकीतून खाली पाहताच "अरे, वीट" एवढेच म्हणाला, आणि बरणी ठेवून जिन्याने पळाला.

वीट कसली, हे पुरवणीने विचारिले. हा सवाल यादीत नव्हता, परंतु त्यात उत्तर नव्हते, म्हणोन तो कायदेशीर धरावा.

"अगं, गेटाच्या चाकाखालची. ते गेट उताराला आहे. वीट नसली की निघतं आपलं फिरायला. झाडणारी वीट उचलते तेव्हा मी कितीदा बघते. पण मला गेटाबद्दल कोणी विचारलंच नाही. सगळे त्याच्याबद्दलच विचारत होते."

येथे लबाड कारभारी असता तर कागद पुढे करून सही घेता. पुरवणीने तसे केले नाही. तिने स्पष्ट सांगितले की, आजी, हे सगळ्यांसमोर वाचलं जाईल, अध्यक्षांसमोरसुद्धा, आणि मग ते तुमच्या मुलापर्यंत जाईलच, म्हणून आज सही करू नका, विचार करा. आजींनी बरणी पुन्हा फळीवर ठेविली.

"तो माझ्यासाठी गप्प बसलाय, बाळ. त्याच्या लेकीची परीक्षा आहे. आण तो कागद." आणि मग चष्मा नाकावरच सापडला. कागद वाचून त्यांनी एवढेच म्हटले की, हे बरं झालं, मागच्या वेळी तू मला सहा वेळा सदर म्हणायला लावलं होतंस, मी आयुष्यात कोणाला सदर म्हटलं नाही.

तेथून पुरवणी जिन्याखालच्या खोलीत गेली. तेथे लेक खाटेवर पुस्तकात डोके घालून बसली होती, आणि बायको भांडी कागदात गुंडाळून खोक्यात भरीत होती, आणि दोघी आवाज न करता हे करीत होत्या. पुरवणीने वॉचमनास सांगितले की आजींनी सही केली. वॉचमनाने टोपी काढून खोक्यावर ठेविली. पुरवणीने म्हटले, त्या दिवशी तुमचं एक वाक्य मी अर्ध्यात तोडलं होतं. सकाळी साहेबांनी ती, इतके म्हणोन पुरवणी गप्प बसली. आणि तीन दिवस गळ्यात अडकून पडलेला तो मजकूर सुखरूप बाहेर आला: सकाळी साहेबांनी ती वीट काढायला लावली, म्हणाले, दारात वीट बरी दिसत नाही, मी म्हटलं, साहेब, गेट चालेल, ते म्हणाले, गेटाला काय पाय आहेत? यासच महाराज रागे भरणे म्हणत होते.

मग दुसरे दिवशी सकाळी स्थळपाहणी जाहली. वकीलबाईसाहेबांची आज्ञा घेऊन पुरवणी, आणि साक्षीस टंकलेखक काका, टेप, घड्याळ आणि एक रिकामे खोके घेऊन गेटावर दाखल जाहले. खोक्यास गाडीचा मान देऊन गाडीच्या जागी उभे केले. गेट पूर्ण उघडून सोडिले. गेट क्षणभर विचार करीत उभे राहिले, मग कुरकुरत निघाले, मग वेग धरिला, आणि चौदा सेकंदांत खोक्यावर जाऊन आदळिले. दुसऱ्या खेपेस चौदा. तिसऱ्या खेपेस तेरा, कारण गेटास आता सराव जाहला होता. खोके धारातीर्थी पडले. काकांनी फोटो घेतले आणि आकडे लिहिले.

वीट मात्र जागेवर नव्हती. पुरवणीने सगळे आवार धुंडाळिले आणि अखेर ती नव्या कुंड्यांच्या रांगेत, तिसऱ्या कुंडीखाली, आधार म्हणोन तैनात केलेली सापडली. तिच्या पाठीवर चाकाने घासून घासून एक खोल खाच पडली होती, आणि ती खाच चाकास लावून पाहता ऐसी बसली की वर्षानुवर्षांचा संसार दिसून आला. इतक्यात अध्यक्षमहाराज फिरून परत आले आणि आपली कुंडी आडवी पडलेली पाहून गर्जले की हे काय चालले आहे. पुरवणीने आपण वॉचमनाच्या बाजूने आलो आहो हे प्रथम सांगितले, आणि मग विचारिले की, ही वीट इथे कशी आली? आणि तोंड मिटिले.

महाराज म्हणाले, मला काय ठाऊक. पुरवणी गप्प. महाराज म्हणाले, विटा कुठेही असतात. पुरवणी गप्प, काका तर जन्माचेच गप्प. शांतता इतकी वाढली की गेट कुरकुरलेले ऐकू आले. आणि महाराज, जे सभांतून तासन्‌तास बोलत आणि ज्यांस शांततेची मुळीच सवय नव्हती, ते शरण आले.

"कुंडीला टेकू म्हणून मीच ठेवली. चाकाखालून काढायला लावली ती मंगळवारी सकाळी. दारात वीट म्हणजे कसं दिसतं, सांगा." आणि इतके बोलून त्यांनी विटेकडे पाहिले, मग गेटाकडे पाहिले, मग मोडलेल्या खोक्याकडे पाहिले, आणि चेहरा ऐसा जाहला की पुरवणीसही दया आली. तरी निघता निघता त्यांनी जाहीर केले की, वॉचमन खुर्चीवर होता आणि त्यानेच लोटिले हे आपण सुनावणीत सिद्ध करू. मनुष्य एकदा आपल्या निवाड्यावर चढून बसला की लवकर खाली उतरत नाही.

सुनावणीचा दिवस उगवला. कामगार कचेरीतील अधिकारी शांत, चष्मेवाले, आणि समोर थर्मास. बाईसाहेबांनी कागद ठेविले, फोटो ठेविले, आणि टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट ठेविली, जी पाहून अधिकाऱ्यांनी थर्मास थोडा बाजूस घेतला. पुरवणीस बोलण्याचा हक्क नव्हता; ती मागच्या बाकावर, वॉचमन आणि त्याची बायको यांच्या मध्ये. आजींनी आपली हकीकत सांगितली. मग अध्यक्षमहाराज उठले. ते आजींस अठरा वर्षे ओळखत, आणि त्यांचा स्वभावही ओळखत. ते अत्यंत गोड आवाजात म्हणाले:

"आजी, तुम्ही दमलाय. दिवसांची गल्लत होते या वयात. त्या दिवशी तो खाली खुर्चीवरच होता, हो ना?"

बाकावर पुरवणीने ती तोफ ओळखिली. ही तोफ तिचीच होती, तिनेच प्रथम याच गडावर डागली होती, आणि ती बावीस वेळा लागू पडली होती. आजींनी महाराजांकडे पाहिले, आणि चेहऱ्यावर ते पाहुण्यासाठीचे हसू आले, आणि ओठ हो म्हणण्याच्या आकारात वळले. वॉचमनाच्या बायकोने पदराचे टोक मुठीत धरिले. पुरवणीपाशी देण्यासारखे एक वाक्य होते, आणि एक खूण होती, आणि एक खोकला होता, आणि तिने तिन्ही दिली नाहीत. खोलीत कोणी काही बोलले नाही. अधिकारीही बोलले नाहीत. त्यांस ही विद्या आधीपासूनच येत असावी.

"तुमचा मान राखून सांगते," आजी म्हणाल्या, "नाही."

आणि मग, एकदा बांध फुटल्यावर, त्यांनी हेही सांगितले की, दिवसांची गल्लत होत नाही, कारण त्या दिवशी बरणी अर्धीच उघडली आणि पुढचे तीन दिवस मी जॅमशिवाय काढले, ते मला चांगले ठाऊक आहे.

निवाडा त्याच दिवशी जाहला तो येणेप्रमाणे: बरखास्ती रद्द. वॉचमन जुन्या नोकरीवर, जुन्या खोलीत, खंड न धरता कायम. गेटाचा रूळ सोसायटीने सरळ करून घ्यावा, आणि तो होईपर्यंत वीट चाकाखाली ठेवावी. अध्यक्षमहाराजांनी निकाल ऐकून मान डोलविली, आणि वीट स्वतः उचलून घेतली, आणि वॉचमनाजवळ जाऊन काही बोलू पाहिले, परंतु सभांतून बोलणाऱ्यास एकट्या माणसापुढे शब्द सुचेनात. वॉचमन वाट पाहत उभा राहिला. पुरेशी वाट पाहिल्यावर महाराज म्हणाले, "चुकलं माझं." बायको मात्र तोवर बाहेर पडली होती, कारण तिला घरी जाऊन खोके उपसायचे होते आणि लेकीस सांगायचे होते.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हस्तगत: नोकरी एक, खोली एक, परीक्षेपुरती शांतता. जखमी: गाडी एक. कामी आले: खोके एक, आणि पुरवणीची सुमारे दोनशे वाक्ये, जी ओठांवरच पडली. कलम शेवटचे ऐसे की, कामगार कचेरीच्या जिन्यावर आजी कठड्यास धरून सावकाश उतरत असता पुरवणीने विचारिले की, मुलाचं काय? आणि ती थांबली, आणि आजी दोन पायऱ्या उतरल्या, आणि मग बोलल्या, ते शब्द ऐसे: "कालच फोन केला मी त्याला. म्हटलं, झाकणं उघडत नाहीत आता. तो म्हणाला, मग चल माझ्याकडे. मी म्हटलं, दार अजून उघडता येतं मला. तू ये." हा मजकूर कोणत्याही प्रकरणास लागू नाही. तरी पुरवणीने तो जिन्यावर उभ्याने, आपला एक शब्द न घालता उतरून घेतला, खाली तारीख आणि वेळ घातली, आणि दप्तरी दाखल केला.